सुक्या गोश्ताचा तोशा

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. इशाची नमाज झाली होती आणि आम्ही जेवायला बसलो होतो. तेवढ्यात कॅनडाहून धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे दुपारचे बारा वाजले असतील. एरवी तो सलाम-दुआ करतो, अम्मीच्या गोळ्यांची चौकशी करतो आणि पाच मिनिटांत फोन ठेवतो. त्या रात्री मात्र त्याने थेट अम्मीलाच मागितले आणि विचारले, "अम्मी, बकरीद का गोश्त आप कैसे सुकाते थे?"

अम्मीचा घास हातातच राहिला. आम्हीही एकमेकांकडे पाहू लागलो. तेरा-चौदा वर्षांत आमच्या घरात हा विषय कुणी काढला नव्हता.

भाऊ ओंटारिओ प्रांतात नोकरी करतो. उन्हाळ्यात त्याचे सोबती कनू नावाची अरुंद, हलकी होडी घेऊन चार-पाच दिवस जंगलात जातात. अल्गॉन्क्विन नावाचे हे जंगल १८९३ पासून राखीव आहे. त्याचा विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरहून अधिक असून आत शेकडो सरोवरे आहेत. एका सरोवरातून दुसऱ्यात जायचे तर मधली वाट पायी तुडवावी लागते. त्या वेळी होडी डोक्यावर आणि बिछाना, तंबू, शिधा पाठीवर घ्यायचा. आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला मनाई आहे. रात्री अस्वलांच्या भीतीने अन्नाची पिशवी झाडाला उंच टांगतात. अशा ठिकाणी प्रत्येक पावशेराचा हिशेब होतो. म्हणून तिकडची माणसे घरचेच जेवण शिजवतात, सुकवतात आणि पाकिटांत भरून नेतात. मुक्कामी पोचल्यावर उकळते पाणी ओतले की जेवण तयार.

दुकानात अशी तयार पाकिटेही मिळतात, पण त्यातले गोश्त आपल्याला चालणारे नसते. दोन वर्षे भावाने भाजीच्या पाकिटांवर काढली. मग पंखा आणि जाळ्यांचे ताट असलेले सुकवणीचे यंत्र विकत आणले, हलाल दुकानातून कीमा आणला, घरच्यासारखा तेलात परतला आणि सुकवला. तिसऱ्या मुक्कामी पिशवी उघडली तर खवट वास. उरलेले दोन दिवस खजूर आणि फुटाण्यांवर गेले. आता पुढच्या वर्षीची तयारी म्हणून त्याला अम्मी आठवली होती.

अम्मीने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "चर्बी निकाला था क्या?"

भाऊ गप्प. "चर्बी का एक रेशा बी नक्को रख," अम्मी म्हणाली, आणि पुढचा पाऊण तास ती बोलत राहिली.

आम्ही सोलापूरच्या जुन्या मोहल्ल्यात वाढलो. १९९४ ते १९९६ या वर्षांत बकरीद एप्रिल-मेमध्ये येत होती. सोलापूरचे ते ऊन! ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मी रानेच्या गोश्ताचे लांब, पातळ पारचे कापायची. पांढरी चरबी सुरीच्या टोकाने सोलून वेगळी करायची. मीठ, हळद, आले-लसूण चोळून पारचे रात्रभर ठेवायची आणि सकाळी गच्चीवरच्या तारेवर ओळीने घालायची. वरून मलमलचे जुने कापड. आम्हा मुलांना काठी देऊन कावळ्यांवर पहारा. मगरिबच्या आधी सगळे उतरवायचे, सकाळी पुन्हा घालायचे. तीन-चार दिवसांत पारचे लाकडासारखे कडक होत. वाकवला की तो मोडला पाहिजे, नुसता वाकला तर अजून एक ऊन, ही अम्मीची परीक्षा.

अब्बा ट्रकवर होते. सोलापूर-हैदराबाद फेरीला निघताना अम्मी सुके गोश्त तव्यावर भाजून, लाल तिखट आणि लसूण घालून कुटायची. ती चटणी आणि सोबत कडक भाकरी. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे तरी काय? पातळ थापून पुरते पाणी काढून टाकलेली भाकरीच ती. आठवडे उलटले तरी बिघडत नाही. अब्बा म्हणायचे, घरचा तोशा सोबत असला की रस्ता लांब वाटत नाही.

मग आम्ही शिकलो. बी.एड.ला दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहायला गेलो, तेव्हा २०१० साल सुरू होते. नोव्हेंबरातल्या ईदचे गोश्त सुकवून केलेली चटणी अम्मीने डबा भरून दिली होती. खोलीत डबा उघडला आणि वास पसरला. सोबतच्यांपैकी कुणी काही बोलले नाही, पण आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. लोक म्हणतील, गरिबाघरचे खाणे. रात्री तो डबा आम्ही कचराकुंडीत रिकामा केला. आठ दिवसांनी फोनवर अम्मीला सांगितले, सगळ्यांनी आवडीने खाल्ली, संपली.

पुढे फ्लॅट झाला, मोठा फ्रीज आला. आम्हीच अम्मीला म्हणालो, "आता हे कशाला? फ्रीजर आहे ना." अम्मी काही बोलली नाही. गच्चीवरच्या तारेवर कपडे वाळू लागले.

भावाचा फोन झाल्यावर त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आम्ही शाळेत सायन्स शिकवतो. अन्नाची हिफाजत हा धडा दर वर्षी घेतो. तबखीर, म्हणजे बाष्पीभवन, फळ्यावर आकृती काढून समजावतो. जरासीमना जगायला पाणी लागते, पाणी काढून घेतले की ते वाढू शकत नाहीत. मीठ पाणी ओढून घेते. पण चरबीत पाणी नसतेच, त्यामुळे ती सुकत नाही, हवा लागून खवट होते. हे सारे आम्हाला पाठ होते. आणि ज्या बाईने हे आयुष्यभर हाताने केले, ती आमच्या घरात भांडी आवरत होती. तिला आम्ही एकदाही विचारले नाही. पुस्तकात होते ते इल्म आणि अम्मीच्या हातात होते ती गरिबी, असे आम्ही कधी ठरवले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन अम्मीजवळ बसलो. आम्ही वाचलेले आणि तिने केलेले एकत्र केले आणि भावाला लिहून पाठवले. तिकडची हवा ओलसर, ऊन बेभरवशाचे, तेव्हा कच्चे पारचे टांगायचे नाहीत. आधी पूर्ण शिजवायचे, मगच सुकवायचे. बिनचरबीचा कीमा घ्यायचा. शिजल्यावर चाळणीत घालून वरून गरम पाणी ओतायचे, म्हणजे उरलेले तेल निघून जाते. यंत्र सत्तर अंशांच्या आसपास ठेवायचे. किलोभर कीमा सुकून साधारण तीनशे ग्रॅम उरतो. भात आणि मसूर डाळ शिजवून पातळ पसरून सुकवायची. बटाटा उकडल्याशिवाय घ्यायचा नाही. तूप वेगळ्या बाटलीत न्यायचे, पण ती बाटली प्लास्टिकची हवी. सुकलेले सारे काही दिवस काचेच्या बरणीत ठेवून पाहायचे. आतून काचेवर दव दिसले तर पुन्हा सुकवायचे. अम्मीची मोडून पाहण्याची परीक्षा आणि बरणीची परीक्षा एकच आहे, हे लिहिताना आमच्या लक्षात आले.

भावाने उलट एक माहिती दिली. कॅनडातल्या जलमार्गांवरून पूर्वी कातड्यांचे व्यापारी कनूतून महिनोन्‌महिने प्रवास करत. त्यांचा शिधा तिथल्या मूळ रहिवाशांकडून आलेला होता. रानगव्याचे गोश्त सुकवून, कुटून त्यात चरबी मिसळलेली असे. त्याला पेमिकन म्हणतात. अम्मीला सांगितले तर तिने लगेच विचारले, "चर्बी पिघला के डालते होंगे ना?" खरेच, ते चरबी वितळवूनच घालत. अक्षरओळख नसलेली आमची अम्मी आणि ती परमुलखातली माणसे यांचे शास्त्र इतके जवळचे निघाले.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. मदिन्यात एका वर्षी बाहेरून गरजू लोक आले होते, तेव्हा कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांपुढे ठेवू नये असे हुजूर (स.) यांनी फर्मावले होते. पुढे खाण्याची, खैरात करण्याची आणि साठवण्याचीही मुभा मिळाली. अम्मी आधी हिस्से वाटायची आणि फक्त आपल्या हिश्श्यातले सुकवायची. तारेवर किती गोश्त आहे हे साऱ्या मोहल्ल्याला दिसत असे. फ्रीजरमध्ये किती आहे, हे कुणालाच दिसत नाही. फ्रीज आल्यापासून आमचा स्वतःचा हिस्सा हळूहळू फुगत गेला, हे आम्ही कबूल करतो.

२०२४ मध्ये भावाने सरोवराकाठी उकळलेल्या पातेल्याचा फोटो पाठवला. वीस मिनिटांत कीमा मऊ झाला होता. अम्मीने फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "कोथमीर नै डाल्या."

त्या वर्षी तोच धडा आम्ही वेगळ्या रीतीने घेतला. आठवीच्या मुलांना सांगितले, घरी दादी-नानीला विचारा, काय काय सुकवता आणि कसे, आणि लिहून आणा. वह्या आल्या. शेवया, कुरडया, सांडगे, आमचूर, सुकट, बोंबील. एका मुलीच्या वहीत ही यादी संपल्यावर पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आणि पेन्सिलीने, 'सुका गोश्त' लिहिलेले होते. बाकी सारे शाईने. आम्ही ते पान बराच वेळ पाहत राहिलो. ती पेन्सिल कुणी तिच्या हातात दिली, हे आम्हाला ठाऊक होते.

त्या संध्याकाळी आम्ही अम्मीला वसतिगृहातल्या डब्याची खरी गोष्ट सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वो चटनी दो महिने की थी. आठ दिन में कौन खाता?"

म्हणजे तिला तेव्हाच कळले होते.

चांद्र वर्ष दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांनी बकरीद पुन्हा त्याच ऋतूत येते. २०२६ पासून ती परत मेच्या उन्हात येते आहे. त्या मुलीला आम्ही पुढच्या तासाला वर्गापुढे बोलावले आणि तिच्या नानीची कृती फळ्यावर लिहायला सांगितली. तिने सबंध फळा भरला. गच्चीवरची तार आम्ही घासून ठेवली आहे. कपड्यांसाठी आता दुसरी बांधली आहे.