पहिल्या गाडीचा डबा

बारावीचा निकाल लागला की वर्ध्यात दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक सेतू केंद्रावर, दुसरी भांड्यांच्या दुकानात. पहिल्या रांगेत बहुधा वडील असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, जात पडताळणीचे कागद, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत. दुसरीकडे आई असते. ती डबा निवडत असते. झाकण लावून बघते, उघडून बघते, दुकानदाराला पाणी मागून डबा उलटासुद्धा धरून बघते. पोराला बाहेरगावी शिकायला पाठवायची तयारी आपल्याकडे या दोन वस्तूंत आटोपते. फाइलीबद्दल मला फारसं बोलायचं नाही, ती कशीही करून पूर्ण होतेच. डब्याशी मात्र माझा जुना संबंध आहे.

आमचं गाव आर्वी रोडवर, खरांगण्याच्या पुढं. १९८०च्या आसपास दादानं वर्ध्याला सायन्सला नाव घातलं आणि तीन पोरांनी मिळून रामनगरात खोली केली. खानावळ परवडणारी नव्हती. म्हणून मग गावातल्या इतर घरांसारखा आमच्याही घरून डबा निघू लागला, सकाळच्या पहिल्या गाडीनं. चार खणांचा पितळी डबा, आतून कल्हई केलेला. खालच्या खणात वरण, त्यावर भाजी, मग भाकरी, आणि सगळ्यात वर ठेचा नाहीतर जवसाची चटणी. वरून फडकं बांधलेलं, त्यावर शाईनं दादाचं नाव. आई अंधारात उठून चूल पेटवायची आणि डबा फाट्यावर न्यायचं काम माझं. "हातातच दे व कंडक्टरच्या, खाली ठेवू नको," हे ती रोज बजावायची. ड्रायव्हरच्या मागं, बॉनेटच्या बाजूला पाच-सहा गावांचे डबे आधीच एकमेकांना टेकून बसलेले असत. वर्ध्याच्या स्टँडवर पोरं वाट बघत. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत.

या रिकाम्या डब्याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून जरा सांगते. आईला अक्षरओळख नव्हती. दादाचं पत्र आलं असतं तरी वाचायला तिला बाबांची नाहीतर माझी गरज पडली असती. पण डबा ती स्वतः वाचायची. भाकरीचा तुकडा उरला म्हणजे तब्येत बरी नाही. डबा घासलेला नाही म्हणजे परीक्षा जवळ आली. भाजी तशीच परत आली तर दोन दिवस घरात तिची चर्चा, भाजी आंबली होती की पोराचं कुणाशी भांडण झालं. एकदा लागोपाठ आठवडाभर डबा पुसून घेतल्यासारखा रिकामा येऊ लागला. आईनं आनंद मानायला हवा होता. ती म्हणाली, "एकट्याचं खाणं नव्हे हे." खरंच होतं ते. खोलीतल्या एका मित्राच्या घरून डबा येत नव्हता. शेतमजुराचं घर, आईबाप दोघंही सकाळीच कामावर जाणारे. दुसऱ्या दिवसापासून दोन भाकरी जास्त गेल्या. त्याबद्दल ना दादा काही बोलला, ना आई.

आता हिशेब असा की या सगळ्यात तयारी कुणाची झाली? आईची झाली. पोरगा डोळ्याआड असताना त्याची खबर कशी घ्यायची, न विचारता कशी मदत करायची, हे ती त्या चार खणांतून शिकली. दादा मात्र पदवी घेऊन घरी आला तेव्हा त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. नोकरीला चंद्रपूरला गेला आणि लग्न होईपर्यंत खानावळीत जेवला. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, "मुलीले रूम करून देत नसते." त्यामुळे मी अप-डाऊन करणाऱ्या मुलींपैकी एक. दोन खणांचा डबा, तोही माझा मीच भरायचा, आणि जिच्यात दादाचा डबा जायचा त्याच पहिल्या गाडीत आता मी बसायची. कोणती गाडी कुठं थांबते, शेवटची चुकली तर कुणाच्या घरी जायचं, फॉर्मची तारीख कुठं लागते, पास कधी संपतो, हे सगळं आम्हा मुलींना तोंडपाठ. घर सोडलं नाही तरी घराबाहेर कसं राहायचं ते आम्ही मुली बसमध्ये शिकलो. याला तयारी असं नाव कुणी दिलं नाही एवढंच.

गंमत म्हणजे हे घडत होतं वर्धा जिल्ह्यात. शिक्षणात हाताला काम हवं हा विचार देशापुढं मांडला गेला तो इथंच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. अभ्यासक्रम ठरवायला झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढं सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्यानं याच विचाराची, नयी तालीमची, शाळा चालवली. तिथं सफाई, रसोडा, शेती, सूतकताई हा अभ्यासाचाच भाग होता. मुलगा असो की मुलगी, पाळी आली की रसोड्यात जायचं. किती माणसं, किती धान्य, किती खर्च, या हिशेबातून गणित शिकायचं. आमच्या गावापासून सेवाग्राम तासा-दीडतासाच्या अंतरावर. पण तो विचार आर्वी रोडनं आमच्या चुलीपर्यंत कधी आला नाही. नयी तालीम ही गरिबांच्या पोरांना गरीबच ठेवायची युक्ती आहे, असं गावातली शहाणी माणसं म्हणत. पोराच्या हातात झाडू द्यायचा तर शाळेत कशाला पाठवायचं, हा त्यांचा प्रश्न. पोटतिडकीचा होता, खोटा नव्हता.

त्या विचाराचं एक रूप मी नंतर पाहिलं, कॉलेजात शिकवायला लागल्यावर. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी काढलं. तिथं प्रवेश मिळालेली मुलं आधी वर्गात जात नाहीत, आश्रमात जातात. पंधरा दिवसांचं शिबिर. खादी, पहाटेची प्रार्थना, श्रमदान, सूतकताई. पुढं प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथल्या घरांशी ओळख ठेवते. एका वर्षी पाहुण्यांना आश्रम दाखवायला नेलं होतं, तेव्हा नव्या खादीच्या कपड्यांतली मुलं अंगण झाडत होती. झाडू धरण्यावरून लगेच ओळखू येत होतं, कुणी घरी झाडलंय आणि कुणी नाही. फाटकाबाहेर एक वडील उभे होते, परराज्यातले. पोराला सोडून दोन दिवस झाले तरी त्यांचा पाय निघत नव्हता. मला वाटलं, शिबिर यांच्यासाठीही हवं होतं. कुठल्याच कॉलेजात पालकांचं शिबिर नसतं. प्रवेशाच्या दिवशी एक भाषण आणि चहा-बिस्कीट असतं.

आमच्या घरी पालकांच्या तयारीचा हा प्रश्न माझी मुलगी पुण्याला निघाली तेव्हा आला. स्वयंपाकाची मला चिंता नव्हती. अकरावीपासून रविवारचं जेवण तिच्याकडे होतं आणि तिच्या धाकट्या भावाकडे बुधवारचं. त्याच्या बुधवारी आम्ही बरेचदा कच्चं-पक्कं चून खाल्लं, पण खाल्लं. अडचण ह्यांची झाली. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये तिला बसवलं आणि तिथून पुढं रोज रात्री नऊला फोन, "जेवली का?" फोनवर ताट दाखव म्हणण्यापर्यंत मजल गेली. शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, एक दिवसाआड विचारा. रोज विचारलं की मी रोज खरं सांगत नाही." माझ्या आईनं रिकाम्या डब्यातून जे ओळखलं असतं ते व्हिडिओ कॉलमध्ये दिसत नव्हतं. मी मात्र ट्रॅव्हल्सच्या गाडीनं चिवडा आणि जवसाची चटणी पाठवत राहिले. बरण्या परत येत नसत. तेवढी खबर कमी झाली.

पहिल्या गाडीचा डबा अजून पुरता संपलेला नाही. किती जीव त्यावर टांगलेले आहेत ते २०२१ला कळलं. कोरोनानंतर २० ऑक्टोबरला राज्यातली कॉलेजं उघडली, पोरं खोल्यांवर परतली, आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न खरा होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या गल्लीतल्या खोल्यांवरची पोरं पहिल्या आठवड्यात बिस्किटांवर होती. एका संध्याकाळी त्यातला एक नवा कुकर घेऊन दारात उभा, "काकू, खिचडीले पाणी किती?" इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. त्याच्या आईनं त्याला पाणी किती ते कधी सांगितलं नव्हतं, कारण रोज वरणभाताचा डबा येत होता. मुलींच्या खोलीवरून कुणी विचारायला आलं नाही.

जुलै २०२४ला सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं, मी अनेक घरांत त्याचा फायदा पाहते. पण फी माफ झाली तरी खोली, जेवण आणि प्रवास उरतोच, आणि मुलीला खोली करून द्यायची नाही हे वाक्यही काही घरांत उरलेलं आहे. तिथं कुठला जीआर पोचत नाही. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. फाइल करणाऱ्या वडिलांनी तेही कागद याच फेरीत विचारून घ्यावेत.

आणि भांड्यांच्या दुकानातल्या आईला एक सांगणं. डबा घ्या, चांगला घट्ट झाकणाचा घ्या. सोबत तीन लिटरचा कुकरही घ्या आणि तो ऑगस्टमध्ये खोलीवर नाही, आज घरीच उघडा, मुलगा असेल तर आधी उघडा. मुगाच्या मऊ खिचडीला डाळ-तांदळाच्या चौपट पाणी लागतं, मोकळी हवी तर तिप्पट पुरतं. एवढं तरी सांगून पाठवा.