चौथी स्टेज आणि माझं खोटं

"चौथी स्टेज आहे, आता घरी न्या, सेवा करा." आपल्या वस्तीतल्या किती घरांनी हे ऐकलंय? मी माझ्या मामांच्या बाबतीत ऐकलं.

मामा नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार. वर्षभर शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून मलम लावत राहिले, कारण खाडा केला की रोज बुडतो. शेवटी आतडं बंद पडलं. तातडीचं ऑपरेशन झालं, पोटाला शौचाची पिशवी लागली आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतात गाठी दिसल्या. आतड्याचं रक्त यकृतातून पुढे जातं, म्हणून मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा तिथेच आधी पसरतो.

मी समाजशास्त्राचा एम.ए., रुग्णांना योजनांचे कागद करून देणारा कार्यकर्ता. मी काय केलं? मामांना सांगितलं, "आतड्याला सूज आहे." मामीलाही गप्प केलं. ज्ञानबंदीविरुद्ध भाषणं करणारा मी, घरातल्या माणसाला त्याच्याच शरीराचं ज्ञान नाकारत होतो. "त्यांना झेपणार नाही" हे माझं कारण. आपल्या समाजाबद्दल शतकानुशतकं हेच सांगितलं गेलं ना?

तिसऱ्या केमोनंतर थंड पाण्याला हात लागला की मामांच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. ते म्हणाले, "भाचा, सुजेला एवढं जहाल औषध कोण देतं?" मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतंस. ठेकेदाराकडचा पीएफचा हिशोब राहिलाय."

मित्रांनो, चौथी स्टेज म्हणजे एकच उत्तर नव्हे. यकृतातल्या गाठी मोजक्या असतील आणि पुरेसं निरोगी यकृत उरत असेल, तर त्या काढता येतात. काही रुग्ण त्यातून बरेही होतात. कधी आधी केमोने गाठी लहान कराव्या लागतात. 'रास' जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅबसारखं महागडं औषध उपयोगी पडत नाही, म्हणून तपासणी आधी. आणि वेदनाशमन हा उपचारच आहे. २०१४ साली कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलं गेलं. हे प्रश्न डॉक्टरांना विचारा. विचारणं हा उद्धटपणा नाही.

मामांच्या गाठी यकृताच्या दोन्ही बाजूंना होत्या, ऑपरेशन शक्य नव्हतं. महात्मा फुले योजनेत केमो बसली; बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं कुठल्याच योजनेत बसलं नाही. राज्यघटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. मग कंत्राटी कामगाराला तपासणीसाठी पगारी रजा का नाही?

जन्मभर गावाची घाण उपसणारा माणूस स्वतःच्या पिशवीला मात्र लाजत होता. लोक नाक मुरडतील म्हणून विहारात येईना. तेव्हा मी त्यांना विनयपिटकातली गोष्ट सांगितली. पोटाच्या आजाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतलं आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असं संघाला बजावलं. पुढच्या पौर्णिमेला मामा आले, पुढच्या रांगेत बसले. नंतर वॉर्डातल्या एका मुलाला पिशवी बदलायला त्यांनीच शिकवलं.

दीड वर्ष जगले. पीएफ मिळवूनच गेले. ते पहिले तीन महिने मात्र मी त्यांच्याकडून काढून घेतले होते. तुम्ही तसं करू नका.

जयभीम!