एकवीस दिवसांची सुई

नागपुरातल्या कळमन्याच्या मिरची बाजारात हंगाम भरात असला की खोकल्याची दखल कोणी घेत नाही. भिवापूर-उमरेडकडच्या गाड्या येतात, पोती फुटतात, लाल ढीग लागतात आणि हमालापासून अडत्यापर्यंत जो तो तोंडाला दुपट्टा बांधून ठसकत असतो. बाजारामागच्या वस्त्यांत, चिखलीपासून डिप्टी सिग्नलपर्यंत, एकेका खोलीत अख्खं कुटुंब झोपतं. अशा घरातल्या आठ वर्षांच्या पोराने ‘घसा दुखून राह्यला’ म्हटलं, तर माय म्हणते, मिरची लागली असंल. बहुतेक वेळा तिचं फारसं चुकत नाही. धूळ, थंडी, विषाणू, काहीही असो, चार दिवसांत घसा आपोआप बरा होतो आणि त्याला प्रतिजैविक लागत नाही.

अडचण उरलेल्या थोड्या वेळांची असते. घशात ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू शिरला असेल, तर घसा त्यानंतरही बरा होतो, पण दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो. आज गुडघा सुजतो, परवा तो ओसरून घोटा धरतो, मग मनगट. हा संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. जंतूविरुद्ध उभी राहिलेली शरीराची फौज जंतू आणि स्वतःच्या ऊती यांत गल्लत करते आणि हृदयाच्या झडपांवरही तुटून पडते. पाच ते पंधरा हे वय त्याचं आवडतं. सांधे काही काळाने पूर्ववत होतात. झडप होईलच असं नाही. शिवाय एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा तसाच घसा धरला, तर तो ताप परत येण्याची शक्यता दांडगी असते आणि प्रत्येक फेरीत झडपेचं नुकसान वाढू शकतं.

त्या पुढच्या फेऱ्या अडवण्यासाठी एक जुनं, स्वस्त औषध आहे: बेन्झाथिन पेनिसिलिन. नागपुरात ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांच्या कार्डावर ते बहुधा ‘पेनिड्युअर’ या व्यापारी नावाने लिहिलेलं असतं. लहानग्यांना सहा लाख युनिट, साधारण सत्तावीस किलोंच्या वर बारा लाख. दर एकवीस दिवसांनी, कमरेत. हृदयाला धक्का लागला नसेल तर किमान पाच वर्षं किंवा अठरा वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे लांबचं असेल ते. हृदयही तडाख्यात सापडलं असेल तर दहा वर्षं किंवा पंचविशीपर्यंत. झडप जास्तच बिघडली असेल, किंवा बदलली असेल, तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. नवी झडप बसली म्हणजे सुई सुटली, हा समज ओपीडीत वारंवार भेटतो. तो खरा नाही.

एकवीसच दिवस का? १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं गेलं. तो सुधारू लागला, पण औषध लघवीवाटे इतक्या झपाट्याने बाहेर पडत होतं की डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढलं आणि पुन्हा टोचलं. साठा संपला, आजार उलटला, तो दगावला. साधं पेनिसिलिन शरीरात काही तासच टिकतं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते बेन्झाथिनला जोडल्यावर जवळजवळ न विरघळणारा क्षार तयार झाला. तो स्नायूत साठून राहतो आणि आठवडे-आठवडे झिरपत राहतो. तिसरा आठवडा उलटला की रक्तातली पातळी इतकी उतरते की जंतूला वाट मोकळी होऊ शकते. तैवानमध्ये डॉक्टरांनी तीन आठवड्यांचा आणि चार आठवड्यांचा असे दोन गट बारा वर्षं तपासले. चार आठवडेवाल्यांत ताप उलटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं.

औषध चालतं, याबद्दल शंका नाही. युगांडात पाच ते सतरा वयाच्या ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झडपेला नुकती कुठे खोट दिसू लागलेल्यांपैकी सुई घेणाऱ्या ०.८ टक्के मुलांचा आजार दोन वर्षांत पुढे सरकला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. तरीही पालक बाटली हातात घेऊन दवाखाने पालथे घालताना दिसतात. ‘पेनिसिलिन आमच्याकडे लावत नाही, मोठ्या दवाखान्यात जा.’ मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे बापाची हमाली बुडणार, मुलाची शाळा बुडणार. मग एकविसावा दिवस पंचविसाव्यावर जातो, पुढच्या खेपेला तिसाव्यावर. माझ्या मते या औषधाची सर्वांत मोठी जोखीम ही आहे, आणि ती बाटलीवरच्या कागदावर छापलेली नसते.

नाकारणाऱ्या डॉक्टरला निव्वळ भित्रा म्हणून मोकळं होता येत नाही. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, खरी आहे आणि मिनिटांत जीव घेऊ शकते. ती किती वेळा होते? अकरा देशांतल्या संधिवाताच्या तापाच्या १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांची नोंद १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. ॲलर्जीची कसलीही प्रतिक्रिया ५७ जणांना, ॲनाफिलॅक्सिस चौघांना, मृत्यू एक. म्हणजे ॲनाफिलॅक्सिस दहा हजार सुयांमागे एकाहून थोडं जास्त. दगावलेल्या मुलीचा हृदयविकार आधीच गंभीर होता.

या शेवटच्या तपशिलाकडे वैद्यकाने बरीच वर्षं पुरेसं पाहिलं नाही. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने एक सल्ला काढला. त्याचं सार असं, की झडपांच्या गंभीर रुग्णांत सुईनंतर झालेले अनेक मृत्यू ॲलर्जीचे वाटत नाहीत. ना अंगावर गांधी, ना ओठांना सूज, ना छातीत घरघर. सुई टोचताच किंवा काही क्षणांत रुग्ण कोसळतो. वेदनेने आणि भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. निरोगी माणूस अशा वेळी चक्कर येऊन पडतो आणि पाणी पिऊन उठतो. ज्याची मायट्रल किंवा एओर्टिक झडप फार अरुंद आहे, किंवा हृदयाची ताकदच उतरली आहे, त्याच्या हृदयाला तो खड्डा भरून काढता येत नाही. अशांसाठी सुईऐवजी पेनिसिलिन व्हीच्या रोज दोन वेळच्या गोळ्यांचा गांभीर्याने विचार करावा, असं तो सल्ला म्हणतो.

म्हणून रुग्णाच्या बाजूने पहिला प्रश्न ‘टेस्ट केली का?’ हा नसून ‘माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काय म्हणते?’ हा असायला हवा. जिना चढताना धाप लागते का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, पायांवर सूज येते का, हे सुईच्या आधी सांगायचं. बाकीच्यांनी उपाशी जाऊ नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा तर दुपारच्या उन्हातून तहानलेलं येऊन लगेच सुई घेऊ नये. पाणी प्यावं, बसावं, मग आडवं पडून घ्यावी. उभ्याने किंवा स्टुलावर टेकून घेण्याची घाई करू नये. सुई झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. ‘ऑटो उभा आहे’ हे कारण सिस्टरला रोज ऐकू येतं.

त्या अर्ध्या तासात तळहात-तळपाय खाजणं, अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, छाती आवळणं, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर लगेच बोलायचं, लाजायचं नाही. यावर पहिलं औषध ॲड्रेनालिन: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलि, रुग्णाला आडवं ठेवून, उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे हात आधी एव्हिल आणि डेक्साकडे जातो. ती औषधं खाज कमी करतात, कोसळता रक्तदाब उचलत नाहीत. ॲड्रेनालिनची कुपी समोर ट्रेमध्ये आहे ना, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

टेस्ट डोसबद्दल लोकांच्या मनात जवळजवळ श्रद्धा असते. हाताच्या कातडीत थेंबभर पातळ केलेलं औषध टोचतात आणि वीसेक मिनिटांनी फुगवटा पाहतात. फुगवटा आला तर थांबायचं, हे बरोबर. पण काही आलं नाही म्हणजे धोका शून्य, हे बरोबर नाही. आपल्याकडे केली जाणारी साधी चाचणी सगळ्या प्रकारची ॲलर्जी पकडत नाही. सुईच्या खुणेभोवतीची किंचित लाली पाहून मुलाला जन्मभराचा ‘ॲलर्जिक’ शिक्का मारणंही तितकंच महाग पडतं. अमेरिकेत दहातला एक जण स्वतःला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगतो. नीट तपासल्यावर त्यातल्या बहुसंख्यांना ती निघत नाही. लहानपणी गोवर-कांजिण्यांसारख्या तापात उठलेलं पुरळ त्या दिवशीच्या औषधाच्या नावावर चढलेलं असतं. खरी ॲलर्जीसुद्धा वर्षांनुवर्षांत अनेकांची मावळते. म्हणून ‘ॲलर्जी आहे’ एवढं सांगून भागत नाही: कोणतं औषध, किती वेळाने, काय झालं, सलाइन लागलं का, हे कागदावर हवं. मॉक्स आणि ऑगमेंटिन याच घराण्यातली. त्या गोळ्यांनी अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांगायचं. ॲलर्जी पक्की ठरलीच तर एरिथ्रोमायसिनसारखे पर्याय आहेत.

बाटली दुकानातून स्वतः आणायची असेल तर नाव वाचून घ्यावं. ‘बेन्झाथिन’ आणि ‘बेन्झाइल’ यांत एक-दोन अक्षरांचं अंतर आहे, पण दुसरं शिरेतून देतात आणि ते काही तासांत संपतं. पहिलं शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. ते नेहमी स्नायूतच, आत ओढून रक्त येत नाही ना हे पाहून. पावडर पाण्यात मिसळली की दुधासारखं दाट मिश्रण होतं. ते उशीर न करता द्यावं लागतं, बारीक सुईत अडकतं, आणि दुखतं. मुलं ज्या दुखण्यामुळे पुढच्या वेळी पलंगाखाली लपतात, ते कमी करता येतं: मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, टोचण्याआधी त्या जागी दहा सेकंद अंगठा दाबून धरावा, आणि घाईने न ढकलता दोन-तीन मिनिटं घेत सावकाश सोडावं. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यात लिडोकेन मिसळता येतं. नंतरचे एक-दोन दिवस कंबर दुखते. ज्यांची झडप बदलली आहे आणि रक्त पातळ करायला ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन चालू आहे, त्यांनी सुईआधी ते सांगायलाच हवं. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आयएनआर फार वर असेल तर स्नायूत रक्ताची गाठ होते.

या औषधाचं महाराष्ट्राशी नातं जुनं आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, यॉज नावाचा कातडी आणि हाडं खाणारा आजार होता. लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनची एक सुई त्याला पुरत असे. देशात २००३ नंतर त्याचा रुग्ण सापडलेला नाही आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त जाहीर झाला. पाडे तुडवत, आजच्याइतकी साधनं नसताना, आरोग्य कर्मचाऱ्यांनी या सुया टोचल्या. ते आठवलं की शहराच्या हद्दीतल्या दवाखान्यांचा नकार जरा जास्तच खटकतो. पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे भारतातलं पेनिसिलिनचं मूळ उत्पादन बंद पडलं. ते मोठ्या प्रमाणावर परत सुरू व्हायला २०२४ चा काकीनाड्याचा कारखाना यावा लागला. स्वस्त औषधात कोणाला फारसा नफा नसतो, म्हणून ते मधूनच दुकानातून गायबही होतं. तारखेच्या आठवडाभर आधी चौकशी करावी, ती यासाठी.

शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत संधिवाताचा हृदयविकारही आहे, तेव्हा त्या दिवशी पोराला घरी ठेवू नये. झडपेची शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. पण तिथवर जायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच तर सुई.

आता दिवाळी. कळमन्यातली कितीतरी कुटुंबं या दिवसांत गावाकडे जातात: कोणी भंडारा-गोंदियाला, कोणी थेट छत्तीसगडला. धानाची कापणी असते, मुक्काम लांबतो आणि नेमकी तारीख मध्ये पडते. अशा वेळी परतल्यावर बघू म्हणण्यापेक्षा निघण्याआधी एक-दोन दिवस अलीकडेच सुई लावून घ्यावी, ते चालतं. मुक्काम त्याहून मोठा असेल तर कार्ड आणि इकोचा कागद सोबत न्यावा, गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी फोन करून घ्यावा, आणि बाटली न्यायची झालीच तर ती एसटीच्या टपावरच्या गाठोड्यात न टाकता हातातल्या पिशवीत, उन्हापासून लांब ठेवावी. पुढची तारीख मग सुई प्रत्यक्ष जिथे आणि ज्या दिवशी लागली, तिथून मोजायची.