रंजक

मराठी शब्दकोशात ‘रंजक’ या शब्दाचे दोन अर्थ भेटतात. एक नित्य परिचयाचा: मन रिझवणारा. दुसरा आता विस्मृतीत गेलेला: तोड्याच्या बंदुकीच्या कानाशी घालावयाची बारीक दारू. नळीत ठासलेली मुख्य दारू आपोआप पेट घेत नसे. नळीच्या बाजूस सूक्ष्म छिद्र असे, त्यालाच कान म्हणत. त्याला लागून असलेल्या वाटीत चिमूटभर रंजक ओतायची. चाप ओढला की जळता तोडा तिच्यावर टेके, ज्वाला छिद्रातून आत शिरे आणि बार उडे. भाषेचा अभ्यासक म्हणून मी हे दोन अर्थ वेगळे ठेवतो. मोगल काळातल्या एका वस्तूपुढे मात्र ते वेगळे ठेवणे मला जमत नाही.

ती वस्तू म्हणजे रंजक ठेवण्याची हस्तिदंती कुपी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत अशा कुप्या आहेत. आकार शिंगासारखा वाकलेला, टोकाला हरणाचे मुख, आणि अंगभर प्राणीच प्राणी. एका हरणाच्या पाठीतून दुसऱ्याची मान निघते, सिंहाच्या कुशीत पक्षी सामावतो. कुठे एक देह संपला आणि दुसरा सुरू झाला, हे नजरेला ठरवता येत नाही. दारू कोरडी ठेवण्यास साधे शिंग किंवा लाकूडही पुरले असते. म्हणजे ही सारी कारागिरी रंजनासाठी, पहिल्या अर्थाच्या!

आणि ही कुपी ज्याच्या कमरेला लटकायची, तो शिकारी असे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात शिकारीचा हिशेबच मांडला आहे: वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरे मारली गेली, त्यांपैकी 17,167 त्याने स्वतः मारली. त्याच्या पित्याच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. 1568 मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड तिच्याच गोळीने पडला, असे मोगल बखरकार सांगतात. शस्त्राला संस्कृत नाव देणारा तो दरबार रसिक होता, यात शंका नाही. ज्यांच्यावर गोळी झाडायची त्याच हरणांना इतक्या मायेने कोरून घेणारी रसिकता मला थक्क करते आणि अस्वस्थही करते.

कोरायला घेतलेला पदार्थही एका प्राण्याचाच. सुळ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा हत्तीच्या कवटीत रुतलेला असतो. तो अखंड हवा असेल तर हत्ती मेलेलाच लागतो. आपण त्यांना ‘दाखवायचे दात’ म्हणतो, हत्ती मात्र त्यांनी झाडांच्या साली सोलतो, जमीन उकरतो. पुढे भाषेनेही आपले काम केले. ‘हस्तिदंत’ या तत्पुरुषात हत्ती निदान ऐकू येतो. ‘हस्तिदंती’ असे विशेषण झाले की उरतो केवळ एक गुळगुळीत पांढरा रंग. समीक्षेतल्या ‘हस्तिदंती मनोऱ्या’त तर तो औषधालाही सापडत नाही. तुमच्या उत्तरपत्रिकांत हा शब्दप्रयोग मी शेकडो वेळा वाचला आहे. एकदाही हत्ती डोळ्यांपुढे आला नाही.

भारतात 1986 च्या कायदादुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा व्यापार थांबला. एप्रिल 2016 मध्ये केनियाने नैरोबीत 105 टन सुळे जाळले. ते योग्यच होते, कारण तो साठा विकला जाण्याची लालूच उरू द्यायची नव्हती. याच न्यायाने जुन्या कुप्याही जाळाव्यात, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा हत्ती त्याने परतणार नाही, आणि त्या अनामिक कोरक्याच्या हाताची एकमेव साक्षही जाईल. कुपी काचेआड असू द्यावी. फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, तर ‘हस्तिदंत’ या शब्दापाशी मी समासाचा विग्रह केला असता: हत्तीचा दात.