खेळाडू मुलीची दहावी

खेळणारे मूल दहावीत गेले की घरोघरी एकच सल्ला मिळतो : "वर्षभर खेळ बंद करा." त्याला जोडून दिलासाही मिळतो की, गोवा शालान्त मंडळ क्रीडागुण देतेच, मग काळजी कसली? आमची मुलगी बॅडमिंटन खेळते. आम्ही दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि दोन्ही बाजूला ठेवल्या. क्रीडागुण जेवणातल्या मिठासारखे. त्यांनी पोट भरत नाही. आणि खेळातून काढलेला वेळ अभ्यासालाच लागतो, असाही नियम नाही.

अडचण निराळीच होती. पेडणे, डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके; येथे मराठीची परंपरा जुनी. आजही कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजी माध्यमाला सामोरी जातात. माझे सारे शिक्षण मराठीतून झालेले. मुलीच्या विज्ञानाच्या वहीत डोकावून मी काय करणार? त्यात सराव म्हापशाला, पेडे येथील क्रीडासंकुलात. पेडण्याला परतेपर्यंत रात्र होई.

तेव्हा आम्ही एक रीत धरली. जेवणे आटोपली की तिने त्या दिवशीचा एक भाग मला मराठीतून समजावून सांगायचा. 'रिफ्रॅक्शन' सांगताना तिने पाण्याच्या पेल्यात चमचा उभा केला आणि तो मोडल्यासारखा का दिसतो, हे सांगितले. तिला ते उमगले आहे, हे मला इंग्रजी न वाचताच कळले. जेथे ती अडखळे, तेथे पेन्सिलीची खूण. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायचे ते तिनेच.

माझ्याकडे एवढेच काम होते : स्पर्धांच्या तारखा कळताच वर्गशिक्षिकांना भेटून त्या सांगणे. सवलत मागण्यासाठी नव्हे. कोणते तास बुडणार, हे आधीच ठाऊक असावे म्हणून. बुडालेल्या तासांच्या वह्या मैत्रिणींकडून आणून उतरवून काढणे तिच्याकडे.

2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, तेव्हापासून तिची स्वप्ने मोठी झाली आहेत. ती असावीतच. परंतु एखादा गुडघा दुखावला की खेळ थांबतो. शिकलेले मात्र सोबत राहते.

बडोदे असो वा इंदूर, घराबाहेरच्या भाषेत शिकणाऱ्या मुलांच्या आयांनी संकोच धरू नये. शिकवता आले नाही तरी ऐकता येते. आणि ऐकणारे माणूस घरात असले की मूल अभ्यासाला एकटे पडत नाही.