अभ्यासासाठी नाही, खेळायला

जुना कॉम्प्युटर टाकवत नाही आणि नवा परवडत नाही, अशा मधल्या अवस्थेत तुमच्यापैकी कुणी असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी.

कॅल्गरीत पोस्टडॉक म्हणून येऊन मला तीन वर्षं झाली. माझा डेस्कटॉप शहर सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून सेकंडहँड घेतलेला. आत २०१९ चा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड २०१६ च्या जुलैमध्ये बाजारात आलं. त्याने इमानेइतबारे नोकरी केली, पण ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर येणं थांबलं. म्हणजे कार्ड रिटायर झालं. पेन्शनसारखे सुरक्षेचे अपडेट तेवढे चालू आहेत.

मग चालतंय तोवर चालू द्यावं की! मीही तेच म्हणत होते. पण माझा धाकटा भाऊ सांगलीत असतो, आणि आम्ही दोघं दर आठवड्याला ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ खेळतो. हिवाळ्यात आमच्यात साडेबारा तासांचं अंतर. माझी शनिवार रात्र साडेआठ, त्याची रविवार सकाळ नऊ. त्याच्या हेडसेटमधून मला कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीचा आवाज ऐकू येतो. व्हिडिओ कॉलवर आई-बाबा समोर असतात, तिथे सगळं ‘मजेत’ असतं. खेळात मात्र दोघांची नजर राक्षसावर असते, आणि एकमेकांकडे बघायचं नसलं की माणसं बोलतात. गेल्या वर्षी असंच एका झुडपाआड दबा धरून बसलो असताना तो हळूच म्हणाला, “ताई, बाबा हल्ली रात्री उठून दार उघडून उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, बस यायची आहे.” आईने हे मला सांगायला त्याला मनाई केली होती. पुढच्या आठवड्यात बाबांना न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. औषधं सुरू आहेत. तेव्हापासून तो दोन तासांचा खेळ माझ्या कॅलेंडरमध्ये कुठल्याही मीटिंगइतकाच पक्का आहे.

आता त्याचे मित्र ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ या २०२५ च्या नव्या भागाकडे वळलेत. त्याने नवा लॅपटॉपही घेतला. या खेळासाठी किमान जीटीएक्स १६६० लागतं. माझं कार्ड उंबऱ्याबाहेरच. “ताई, तू कार्ड घे ना गं,” असं त्याने तीनदा म्हटल्यावर मी कागद-पेन घेऊन बसले.

आपल्याकडे खेळावर खर्च करायचा तर आधी अभ्यासाचं कारण शोधावं लागतं. घरोघरी पहिला कॉम्प्युटर ‘अभ्यासासाठी’च आला होता, आठवतंय ना? मलाही असं कारण लगेच सापडलं. एनव्हिडियाचं कार्ड घेतलं तर त्यावर कूडा चालतं, म्हणजे संशोधनातली गणितं घरी करता येतील! कारण अगदीच पोकळ नव्हतं. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲलेक्सनेट हे गाजलेलं न्यूरल नेटवर्क शिकवलं, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर. प्रत्येकी फक्त ३ जीबी मेमरी. आजच्या एआयची एक मुळी गेमिंग कार्डातच आहे. पण माझं काम हिमनद्या वितळण्याच्या मॉडेलवर. ते विद्यापीठाच्या क्लस्टरवर चालतं आणि त्याचे पैसे मला पडत नाहीत. तेव्हा कागदावर स्वच्छ लिहिलं: ‘खेळायला’. हे एकदा लिहिलं की निवड सोपी होते, बरं का.

माझ्यापुढे तीन कार्डं होती. अमेरिकेत जाहीर झालेल्या किमती सांगते. कॅनडात आकडा वाढतो, पण अल्बर्टात त्यावर ५ टक्के जीएसटीच लागतो, प्रांताचा वेगळा विक्रीकर नाही. इंटेलचं आर्क बी५८०: २४९ डॉलर, १२ जीबी. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०: २९९ डॉलर, ८ जीबी. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी: ३४९ डॉलर, १६ जीबी.

इंटेलचं सगळ्यांत स्वस्त, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते बिचकतं, आणि माझा प्रोसेसर जुनाच. शिवाय ते १९० वॉट खातं. माझ्या पॉवर सप्लायला तो घास मोठा. ५०६० ची अडचण सूक्ष्म आहे. ते मदरबोर्डशी फक्त ८ लेननी बोलतं. नव्या बोर्डावर हे जाणवत नाही, पण माझ्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी आहे. खेळाला ८ जीबी अपुरी पडली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममधून आणावा लागतो, आणि तेव्हा हा अरुंद, जुना रस्ता तुंबतो. खेळ मध्येच गचके खातो. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं, मेमरी दुप्पट, आणि १६० वॉटच्या या कार्डाला एएमडी ४५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरेसा मानते. मी तेच घेतलं. याहून महाग कार्ड माझ्या प्रोसेसरने नुसतं ताटकळत ठेवलं असतं. पुढे जमलं तर बायोस अपडेट करून याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येईल.

तुम्ही घेणार असाल तर आधी पट्टीने केसची आतली लांबी मोजा. पॉवर सप्लायची जोडणी बघा. आणि आमच्यासारख्या थंड, कोरड्या गावात राहत असाल तर आणखी दोन गोष्टी. उणे पंचवीसमधून आणलेला खोका लगेच फोडू नका. कार्ड खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर दव धरतं. आणि गालिच्यावर मोजे घालून काम करू नका. इथल्या हिवाळ्यात दाराच्या मुठीलाही शॉक बसतो. तोच कार्डाला बसला तर पैसे पाण्यात. फरशीवर उभं राहून आधी केसच्या उघड्या धातूला हात लावा.

माझं कंत्राट पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे. नंतर इथेच, दुसऱ्या शहरात की कायमचं सांगलीला, ते बाबांच्या तब्येतीवरही ठरेल. म्हणून हल्ली कुठलीही वस्तू घेताना मी ती बॅगेत मावेल का, हे बघते. डेस्कटॉप मावणार नाही. कार्ड मात्र चार स्क्रू काढून, टॉवेलात गुंडाळून हँडबॅगेत आरामात मावेल.