केळं, ओट्स आणि वापसीचा माल

खानदेशातल्या माणसानं केळी विकत घेणं म्हणजे कोकणातल्या माणसानं नारळ विकत घेण्यासारखं आहे. पुण्यात आल्यापासून घेतो डझनाच्या भावानं, पण जिवावर येतं. आमचं घर धुळ्याचं, आजोळ रावेर तालुक्यातलं. तिकडे केळी डझनात नाही, क्विंटलमध्ये मोजतात, आणि भावही एक नसतो. नवतीचा वेगळा, पिलबागचा वेगळा, कांदेबागचा वेगळा. सगळ्यात शेवटी वापसी, म्हणजे व्यापाऱ्यानं निवडून बाजूला टाकलेला माल. केळं बुटकं, वाकडं किंवा डागाळलेलं, एवढाच काय तो गुन्हा. चवीत काडीचा फरक नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, पण भाव पडला की हा माल अजूनही गुरांपुढे जातो.

तर मंडळी, गेल्या महिन्यात वीकेंडला धुळ्याला गेलो होतो आणि नेमके मामा आणि मामेभाऊ आले. सोबत वापसीचे दोन घड. मामेभावाच्या डोक्यात सध्या एकच किडा आहे: या मालाचा काहीतरी टिकाऊ पदार्थ करून विकायचा. वेफर्स नकोत. ते सावदा-फैजपूर रस्त्यावर जागोजागी तळतात, आणि त्याला कच्चं केळं लागतं. ह्याला बेकरीचं काहीतरी हवं होतं. कर्ज काढून मोठा ओव्हन घ्यायचा विचार. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जळगावसाठी केळी हेच पीक ठरलं, आणि प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, हे त्याला तोंडपाठ आहे. मामांचा प्रश्न एकच, "आणि उरलेले पासष्ट टक्के कोण भरेल?"

मी पुण्यात अधूनमधून ओट्सचे बार करतो. खाली दाबलेला ओट्सचा थर, मध्ये फळाचं सारण, वर तोच चुरा भुरभुरवलेला. इंग्रज लोक सफरचंद नाहीतर बेरी घालतात. म्हटलं, केळं घालून बघू. आईकडे छोटा ओटीजी आहेच.

ओट्सचं पाकीट बघून मामा म्हणाले, "हे तर जई! उत्तरेत गुरांना घालतात." गंमत म्हणजे सॅम्युएल जॉन्सननं १७५५ सालच्या त्याच्या इंग्रजी शब्दकोशात स्कॉटिश लोकांना साधारण हाच टोमणा मारला होता. मामांना सांगितलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

आता कृती. पिकलेल्या केळ्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. नुसतं कुस्करून मध्ये भरलं तर खालचा थर ओला होणारच. म्हणून आधी कढईत आटवायचं. सालीवर तपकिरी ठिपके आलेली पाच-सहा केळी (गर साधारण अर्धा किलो), दोन चमचे गूळ, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, वेलची. कच्च्या केळ्यात बहुतेक स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होते, त्यामुळे ठिपकेवालं केळं घेतलं की गूळ नावालाच लागतो. लिंबू मात्र सोडू नका, केळ्याला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. उलथनं फिरवल्यावर कढईच्या बुडाला वाट दिसायला लागली की बंद. (जरा लांब उभे राहा, हे प्रकरण पिठल्यासारखं उडतं.)

चुऱ्यासाठी दीड वाटी ओट्स, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी तूप. ज्वारी ही माझी भर. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरी थापताना कडा चिरतात आणि नवशिक्याच्या डोळ्यांत पाणी येतं. इथे तेच हवंय, चुरा चिवट व्हायला नको. तूप चोळून मूठ दाबली की मुटका व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा. आई लांबून बघूनच म्हणाली, "शंकरपाळ्याचं मोहन आहे की हे." अगदी तेच आहे. दोन भाग चुरा आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये घट्ट दाबायचा, त्यावर सारण, वर उरलेला एक भाग मोकळा. १८० अंशावर पस्तीस-चाळीस मिनिटं. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही! तूप पुन्हा थिजल्याशिवाय वडी धरत नाही.

मामेभाऊ खूश. मामांनी दोन वड्या खाल्ल्या, काही बोलले नाहीत, तिसरी उचलली. मग मामेभाऊ म्हणाला, आता हिशोब कर.

केला. एका ट्रेला सालीसकट पाऊण किलोच्या आसपास केळी. घड वीस-पंचवीस किलोचा धरला तर एका खोडाच्या केळ्यांत तीस ट्रे. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरात साधारण १७०० खोडं. म्हणजे त्यातला दहावा हिस्सा वापसी निघाला तरी पाच हजार ट्रे होतात. आमचा ओटीजी सोडा, बँकेच्या कर्जाचा ओव्हनसुद्धा तेवढं भाजणार नाही, आणि भाजलं तरी खाणार कोण?

खरी मेख पुढे आहे. ट्रेचा खर्च मांडला तर सगळ्यात महाग तूप, मग ओट्स, मग गूळ. केळं तळाला. ते फुकट धरलं तरी वडीची किंमत जेमतेम हलते. आपल्याकडे केळी फुकट आहेत, म्हणून आपल्याला धंदा परवडेल, हा मामेभावाचा सगळा आधार होता, आणि तोच यात सगळ्यात कमी वजनाचा निघाला. हा बेकरीचा धंदा आहे, केळीचा नाही. ज्याला तूप आणि ओट्स घाऊक भावात मिळतात आणि ज्याची भट्टी रोज तापते, त्याला तो परवडेल. हे त्याला तोंडावर सांगितलं. चेहरा पडला त्याचा. मामाही खूश दिसले नाहीत, कारण माल तर पडूनच होता.

तोडगा आईनं काढला. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं, तिथला माणूस मळून, पत्र्यांवर लावून भट्टीत घालायचा, आणि आपण पत्र्याचा डबा भरून नानखटाई घरी आणायची. पैसे किलोवर, फक्त भाजणावळीचे. आई म्हणाली, ओव्हन कशाला घेतो, भट्टी भाड्यानं घे.

मामेभावानं गावातल्या बेकरीवाल्याला विचारलं. पाव निघाल्यावर भट्टी दुपारपर्यंत गरम असते, तो तयार झाला. मागच्या रविवारी चार पत्रे लावले. कडेच्या वड्या करपल्या, मधल्या उत्तम. शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्या गेल्या. कर्जाचा अर्ज सध्या घरातच आहे. पुढच्या रविवारी दहा पत्रे आहेत, आणि घाऊक ओट्सचं पोतं मी पुण्याहून घेऊन येतोय.